महाभारताची चिकित्सक आवृत्ती: ‘मूळ महाभारतात हे नाहीच’ असं म्हणण्याआधी हे वाचा

फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या एखाद्या ग्रुपवर महाभारतावरून वाद सुरू झाला की चौथ्या-पाचव्या मेसेजला एक वाक्य हमखास येतं : “हे मूळ महाभारतात नाहीच. भांडारकर प्रत बघा.” मग समोरचा विचारतो, “भांडारकरवाल्यांना काढून टाकायचा अधिकार कोणी दिला?” पुढे वाद महाभारताचा राहत नाही, एकमेकांच्या जातीपर्यंत आणि पक्षापर्यंत जातो.

गंमत अशी की दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे आणि बरंचसं चुकीचं. ‘भांडारकर प्रत’ म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तयार केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. ४७ वर्षं चाललेलं हे काम नेमकं काय होतं, त्यात कोणत्या गोष्टी आहेत, कोणत्या नाहीत आणि तिच्या आधारे कोणता दावा करता येतो, ते पाहू.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय?

छापखाना येण्याआधी ग्रंथ हाताने उतरवले जायचे. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक वेळी थोडाफार फरक पडायचा. असे फरक असलेल्या शक्य तितक्या पोथ्या गोळा करायच्या, त्या ओळीला ओळ लावून ताडून पाहायच्या आणि त्यातून सगळ्यात जुना म्हणता येईल असा पाठ ठरवायचा, याला पाठचिकित्सा म्हणतात. या पद्धतीने तयार झालेली आवृत्ती ती चिकित्सक आवृत्ती.

यात एक अट असते. संपादकाने जे स्वीकारलं नाही तेही छापायचं. पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला पाठ आणि खाली कोणत्या पोथीत काय वेगळं आहे त्याची नोंद. त्यामुळे संपादकाचा निर्णय न पटलेला वाचक त्याच पानावर दुसरा पर्याय पाहू शकतो.

एकाच ग्रंथाच्या इतक्या वेगळ्या पोथ्या कशा?

महाभारत भारतभर वाचलं जायचं, पण भारतभर एकच लिपी नव्हती. काश्मीरमध्ये शारदा लिपी, नेपाळमध्ये नेवारी, बंगालमध्ये बंगाली, मिथिलेत मैथिली, तर दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम. एका लिपीतला लेखनिक दुसऱ्या लिपीतली पोथी सहसा उतरवत नसे. म्हणून प्रत्येक प्रदेशात त्या ग्रंथाची वाढ आपापल्या वळणाने झाली. ढोबळमानाने उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची अशा दोन पाठपरंपरा तयार झाल्या. दक्षिणेकडची जास्त विस्तृत आहे.

फरक पडण्याची कारणं अगदी साधी असायची. दोन ओळींचा शेवट सारखा असेल तर उतरवताना नजर पुढच्या ओळीवर जायची आणि मधला भाग गळायचा. कोणी समासात खुलासा लिहिलेला असेल, तर पुढचा लेखनिक तो मूळ मजकूर समजून आत घ्यायचा. एखाद्या कथेची दुसऱ्या पुराणातली आवृत्ती लोकांना जास्त आवडत असेल, तर ती इथे येऊन बसायची. लेखनिकाच्या मनात फसवणूक नसायची. उलट आपल्याकडे एकही श्लोक कमी राहू नये, ही काळजी असायची. म्हणूनच ग्रंथ वाढत गेला.

ही अडचण आधुनिक काळात पहिल्यांदा लक्षात आली असंही नाही. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर या पंडितांनी काशीत बसून महाभारतावर ‘भारतभावदीप’ नावाची टीका लिहिली. चतुर्धर घराणं मूळचं गोदाकाठच्या कोपरगावचं. वेगवेगळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या गोळा करून आपण पाठ ठरवला, असं नीलकंठ स्वतःच सांगतात. पण त्यांचा कल शक्य तितकं सामावून घेण्याकडे होता. छापखाने आल्यावर त्यांचाच पाठ सर्वाधिक पसरला. आपल्या घरांत ‘महाभारत’ म्हणून जे आलं, ते बहुतेक करून हेच.

पॅरिसमध्ये सुचलं, पुण्यात झालं

महाभारताची छापील आवृत्ती कलकत्त्यात १८३४ ते १८३९ या काळात निघाली होती. पण ती हाताशी असलेल्या मोजक्या पोथ्यांवरून केलेली होती. १८९७ साली पॅरिसला प्राच्यविद्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे मोरित्स विंटरनित्झ यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हायला हवी असा आग्रह धरला. युरोपात तयारी सुरू झाली, नमुन्यादाखल काही पानंही छापली गेली. पण पहिलं महायुद्ध आलं आणि ते काम बारगळलं.

इकडे ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या कामासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. ते स्वतः चित्रकार होते आणि ही आवृत्ती सचित्र व्हावी अशी त्यांची इच्छा होती. १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली. पुढे इतर संस्थानिक, सरकार आणि विद्यापीठांचीही मदत मिळाली. हैदराबादच्या निजामाचाही त्यात वाटा होता.

सुरुवातीची वर्षं चाचपडण्यात गेली. १९२३ साली ना. बा. उटगीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढून विद्वानांची मतं मागवली. पण कामाला खरी दिशा मिळाली ती १९२५ मध्ये, विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाल्यावर.

सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतकडे वळले. महाभारतासारख्या पसरट ग्रंथात कोणती पोथी कोणाशी किती जुळते हे शोधायला गणिती शिस्तीचा माणूस मिळाला, हे या प्रकल्पाचं नशीबच म्हणायचं.

काम कसं चालायचं?

आज एक फाइल दुसरीशी ताडायला संगणकाला काही सेकंद पुरतात. तेव्हा हे काम असं चालायचं : एका मोठ्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित पाठातला एक श्लोक अक्षर सुटं करून लिहायचा. मग एकेक पोथी हातात घ्यायची आणि जिथे फरक असेल तिथेच, त्या अक्षराच्या बरोबर खाली, तो फरक नोंदवायचा. श्लोक जास्त असेल तर वेगळी नोंद, गाळलेला असेल तर वेगळी खूण. एका श्लोकाला एक कागद, आणि श्लोक हजारोंच्या संख्येने.

सगळ्या लिप्या पुण्यात वाचता येत नव्हत्या. म्हणून बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांसाठी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात अशी ताडणी चालायची. तंजावरचं हे ग्रंथालय वाढवलं ते तिथल्या मराठा राजांनी, विशेषतः सरफोजीराजांनी.

सगळ्या पर्वांसाठी मिळून १,२५९ पोथ्यांचा उपयोग झाला. एकट्या आदिपर्वासाठी ६० पोथ्यांचे पाठ शेवटी वापरले गेले. त्यात भूर्जपत्रावरची, शारदा लिपीतली एक पोथी विशेष मोलाची ठरली. काश्मीरचा पाठ सर्वांत आटोपशीर आहे आणि त्यात बाहेरची भर सर्वांत कमी आहे, हे सुखटणकरांना हळूहळू दिसत गेलं.

पाठ निवडायचा कशावरून?

मुख्य नियम समजायला अवघड नाहीत.

- उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्या एकमेकींपासून दूर वाढल्या. तरीही एखाद्या जागी दोघी जुळत असतील, तर तो पाठ दोघींच्या फाट्याआधीचा, म्हणजे जुना मानायचा.
- एखादा भाग एकाच प्रदेशाच्या पोथ्यांत असेल आणि बाकी कुठेच नसेल, तर तो नंतरची भर असण्याची शक्यता जास्त.
- एका पोथीत अवघड शब्द आणि दुसरीत सोपा असेल, तर बहुधा अवघड शब्द जुना. कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करतो. सोपा शब्द मुद्दाम अवघड करायला कोणी बसत नाही.
- ‘मला हे पटत नाही’, ‘हे देवाला शोभत नाही’ किंवा ‘कथेत हे हवंच’ ही कारणं चालणार नाहीत. पोथ्यांचा पुरावा काय म्हणतो तेवढंच.

आणि जिथे संपादकालाच खात्री नसेल तिथे? तिथे स्वीकारलेल्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापली आहे. म्हणजे ‘हा पाठ घेतला आहे, पण पक्का नाही’. वगळलेल्या ओळींना तारांकित क्रमांक देऊन त्या खाली छापल्या आहेत आणि वगळलेले मोठे भाग परिशिष्टात दिले आहेत. त्यामुळे ‘भांडारकरवाल्यांनी काढून टाकलं’ हे म्हणणं बरोबर नाही. काहीही नष्ट केलेलं नाही. फक्त कोणता मजकूर कुठल्या पोथ्यांत आहे, हे वेगळं करून दाखवलं आहे.

नेपाळची पोथी

आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पूर्ण झाला. काही वर्षांनी नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून एका जुन्या पोथीची माहिती मिळाली. आदिपर्वाची तोवर माहीत असलेली ती सर्वांत जुनी पोथी होती आणि पुण्याच्या संपादकांनी ती पाहिलेली नव्हती.

सुखटणकरांसाठी ही परीक्षाच होती. आपण तर्काने जो पाठ ठरवला, त्याच्या विरोधात ही पोथी गेली असती तर पद्धतीवरच प्रश्न आला असता. ताडून पाहिल्यावर मात्र नंतरची भर म्हणून बाजूला काढलेले अनेक भाग या पोथीतही नाहीत असं दिसलं. ठरवलेल्या पाठाला बऱ्याच ठिकाणी तिचा दुजोरा मिळाला. याविषयी त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला.

कोणत्या गोष्टी नाहीत आणि कोणत्या आहेत?

सोशल मीडियावर सर्वांत जास्त फिरणारे दावे एकेक करून पाहू.

*गणपतीने महाभारत लिहून घेतलं.* ही कथा स्वीकारलेल्या पाठात नाही, परिशिष्टात आहे. ‘मूळ महाभारत ८,८०० श्लोकांचं होतं’ असं जे सांगितलं जातं, त्यातला ८,८०० हा आकडा याच कथेच्या भागातून येतो. तिथेही तो कूट, म्हणजे अर्थ लावायला कठीण श्लोकांबद्दल आहे.

*‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असं द्रौपदी म्हणाली.* हे वाक्य चिकित्सक आवृत्तीत नाही. मयसभेत दुर्योधनाची फजिती होते तेव्हा भीम, अर्जुन आणि इतर हसतात. पण नंतर दुर्योधन धृतराष्ट्राला हकीकत सांगतो तेव्हा द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे टोमणा नाही, पण हसण्याचा उल्लेख आहे, आणि तो दुर्योधनाच्या तोंडी आहे.

*स्वयंवरात ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असं द्रौपदी म्हणाली.* हा भाग मोजक्या पोथ्यांत असल्याने तळटीपेत गेला आहे. स्वीकारलेल्या पाठात जमलेले ब्राह्मण म्हणतात, की कर्ण आणि शल्यासारख्यांना जे धनुष्य वाकवता आलं नाही ते हा कसं वाकवणार?

*अभिमन्यू आईच्या पोटात चक्रव्यूह शिकला.* चिकित्सक आवृत्तीच्या द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः युधिष्ठिराला सांगतो, की व्यूह फोडण्याची विद्या मला वडिलांनी शिकवली, बाहेर पडण्याची नाही. सुभद्रेला झोप लागली वगैरे त्या प्रसंगात नाही.

*एकलव्याची कथा नंतर घुसवली.* नाही. ती आदिपर्वाच्या स्वीकारलेल्या पाठात आहे, अंगठ्यासह.

*गीता नंतर घातली.* चिकित्सक आवृत्तीत भगवद्गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत आहे. ती महाभारतात केव्हा आली यावर अभ्यासक वाद घालतात. पण पोथ्यांच्या पुराव्याने ती वेगळी काढता येत नाही.

*वस्त्रहरणाच्या वेळी कृष्ण धावून आला.* हा सर्वांत नाजूक प्रसंग. सभापर्वात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग स्वीकारलेल्या पाठात नाही. दुःशासन वस्त्र ओढतो आणि तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होत जातं, एवढंच आहे. कोणामुळे, ते तिथे सांगितलेलं नाही. इथवरचा भाग बऱ्याच पोस्टमध्ये असतो. पुढचा नसतो. त्याच चिकित्सक आवृत्तीच्या उद्योगपर्वात कृष्ण म्हणतो, की मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून मला हाक मारली, आणि ते ऋण माझ्या मनातून जात नाही. म्हणजे ‘कृष्णाचा संबंधच नव्हता’ असं ठामपणे म्हणणाऱ्याने फक्त सभापर्व पाहिलेलं असतं.

हे एक उदाहरण नीट लक्षात ठेवलं तरी पुरे. एका पर्वातला एक श्लोक उचलून पूर्ण ग्रंथाबद्दल निकाल देता येत नाही.

मग हे व्यासांचं मूळ महाभारत का?

नाही. आणि हे सर्वांत स्पष्टपणे सुखटणकरांनीच सांगितलं आहे. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे ज्या सर्वांत जुन्या रूपापर्यंत पोहोचता येतं, ते आपण दिलं आहे, एवढाच त्यांचा दावा होता. पोथ्या फार जुन्या नाहीत आणि त्याआधी कित्येक शतकं ही कथा तोंडोतोंडी सांगितली जात होती. त्या काळात ती कशी होती, हे पोथ्या सांगू शकत नाहीत. म्हणून ‘चिकित्सक आवृत्तीत नाही’ याचा अर्थ ‘पोथ्यांच्या पुराव्यावरून जुन्या पाठात दिसत नाही’ एवढाच. ‘खोटं आहे’ असा नाही.

या पद्धतीवर आक्षेपही आले. फ्रेंच विद्वान सिल्व्हां लेव्ही यांचं मत होतं, की नवा पाठ रचण्यापेक्षा प्रचलित नीलकंठी पाठच छापावा आणि खाली पाठभेद द्यावेत. पुढे मादलेन बियार्दो यांनी मूळ प्रश्न विचारला : जो ग्रंथ सांगण्या-ऐकण्यातून वाढला, त्याचं ‘एक मूळ’ असतं तरी का? पुण्यात तयार झालेला पाठ जसाच्या तसा भारतात कुठेही, कधीही वाचला गेलेला नाही. लोकांनी ज्या महाभारतावर प्रेम केलं, त्यात गणपती होता आणि कृष्णाचा धावाही होता.

हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याला उत्तर देण्यासाठी लागणारा सगळा पुरावाही याच आवृत्तीच्या तळटीपांत आहे. काश्मीरने काय जपलं, केरळने काय वाढवलं, बंगालमध्ये कोणता प्रसंग बदलला, हे एका जागी पाहायचं असेल तर दुसरं साधन नाही. वरचा पाठ एक उत्तर आहे, तर खालच्या टिपा म्हणजे दीड-दोन हजार मैलांवर पसरलेल्या वाचकांचा इतिहास.

शेवट पाहायला सगळे उरले नाहीत

सुखटणकरांनी आदिपर्व आणि आरण्यकपर्व स्वतः संपादित केलं. बाकीची पर्वं वेगवेगळ्या विद्वानांकडे दिली होती. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांनी, तर सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं. १९४२ मध्ये सुखटणकरांनी मुंबई विद्यापीठात ‘महाभारताचा अर्थ’ या विषयावर व्याख्यानमाला सुरू केली. चौथं व्याख्यान होण्याआधीच, २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचं निधन झालं. आयुष्यभर अक्षरं ताडणारा हा माणूस शेवटी अर्थाकडे वळला होता. ती व्याख्यानं १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली.

त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादक म्हणून काम पुढे नेलं. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. १९ खंड, १३,००० हून अधिक पानं. काम सुरू झालं तेव्हा लाहोर आणि ढाका एकाच देशात होते. संपलं तेव्हा ते दुसऱ्या देशात गेले होते.

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणून पाहणाऱ्या या पुस्तकाने चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला होता. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांपैकी अनेकांना चिकित्सक आवृत्तीचं नाव पहिल्यांदा कळलं ते याच पुस्तकामुळे.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर

- चिकित्सक आवृत्तीचा संस्कृत पाठ इंटरनेटवर मोफत मिळतो आणि त्यात शब्द शोधता येतो. मात्र त्यात बहुधा फक्त स्वीकारलेला पाठ असतो, तळटीपा नसतात.
- इंग्रजी चालत असेल तर बिबेक देबरॉय यांचं दहा खंडांतलं भाषांतर याच आवृत्तीवरून केलेलं आहे.
- घरात चिपळूणकर मंडळींचं मराठी भाषांतर असेल, तर ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे चिकित्सक आवृत्तीच्या आधीचं आहे. त्यातले अध्याय-श्लोकांचे क्रमांक चिकित्सक आवृत्तीशी जुळणार नाहीत.
- पोस्टमध्ये पर्व, अध्याय आणि श्लोक दिला असेल, तर तो कोणत्या आवृत्तीतला आहे हे आधी विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.
- ‘नाही’ असा दावा दिसला की विचारा : कुठे नाही? स्वीकारलेल्या पाठात, की तळटीपेतही नाही?

थोडक्यात

चिकित्सक आवृत्ती म्हणजे महाभारतावरचा निकाल नाही, ती पुराव्यांची मांडणी आहे. तिच्या आधारे ‘हा प्रसंग जुन्या पाठात दिसत नाही’ असं म्हणता येतं, ‘हा प्रसंग मानणारे मूर्ख आहेत’ असं म्हणता येत नाही. ज्यांनी ४७ वर्षं खपून ती तयार केली, त्यांनी आपल्याला खात्री नसलेल्या शब्दांखाली स्वतःहून नागमोडी रेघ ओढली. त्यांचं नाव घेऊन वाद घालताना आपल्या वाक्याखालीही अधूनमधून तशी एक रेघ ओढायला हरकत नाही.